ऑनर्सचं संशोधन वर्ष: पाचपैकी चार, आणि एक का कापला

बायोमेडिकल सायन्सच्या ऑनर्स वर्षाचा रिव्ह्यू लिहितेय. वर्ष संपून इतके दिवस झालेत की राग निवळलाय, पण मेम्ब्रेन (प्रथिनं उतरवून घ्यायचा कागदासारखा पापुद्रा) कोपऱ्यातच चिमट्याने उचलायची सवय अजून हातात आहे. लिहायला हीच वेळ बरी.

आधी प्रकरण काय आहे ते. पदवीच्या शेवटी एक वर्ष, एक प्रश्न, एक गाईड. सुरुवातीला लिटरेचर रिव्ह्यू, मग प्रपोजल आणि त्यावर सेमिनार, मग प्रयोग, मग थीसिस, शेवटी व्हायवा. लेक्चर जवळजवळ नाहीतच. माहितीपत्रकात याला 'स्वतंत्र संशोधन' म्हटलेलं असतं आणि शेजारी चाचणीनळीतल्या निळ्या द्रवाकडे टक लावून बघणाऱ्या मुलीचा फोटो असतो. माझ्या वाट्याला आलेला निळा द्रव म्हणजे प्रथिनं रंगवायचा कूमासीचा रंग, आणि तो बराचसा माझ्या बाहीवर होता.

स्वतंत्र वगैरे काही नसतं हे. आपण वर्ष देतो आणि बदल्यात घेतो ती देखरेख. विषय, मशिनं, थीसिसची जाडी हे सगळं त्याच्यामागून येतं. तुमच्या नोटबुकात कोण डोकावतं, किती वेळा, आणि डोकावून काय विचारतं, यावर वर्ष ठरतं. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

गाईड निवडताना मी विषयांची यादी केली होती. कॅन्सर सगळ्यात वर, मेंदू त्याखाली, बाकी सगळं तळाला. पहिल्या पसंतीच्या सरांची लॅब मोठी, नुसते पोस्टडॉकच पाच-सहा. भेट दहा मिनिटांची. प्रोजेक्ट तयार आहे, म्हणाले, कधीही सुरू कर. मी हवेत. बाहेर पडताना तिथल्या एका मुलीला विचारलं, सर लॅबमध्ये कधी असतात? ती म्हणाली, "ग्रुप फोटोला." आणि खरं सांगते, एवढं ऐकूनही मी तिथेच जाणार होते. जागा भरली म्हणून वाचले.

दुसऱ्या मॅडमची लॅब म्हणजे दोन बाक, एक हूड, पीएचडी करणारी एक ताई आणि झाकण दोनदा आपटल्याशिवाय सुरू न होणारं सेंट्रिफ्यूज. विषय ऑटोफॅजी. मला तेव्हा एवढंच माहीत की उपाशी पेशी स्वतःचेच भाग मोडून वापरते आणि योशिनोरी ओसुमींना या कामासाठी २०१६ चं नोबेल मिळालं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओसुमींनी हे कशात पाहिलं?" मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. "यीस्टमध्ये," त्या म्हणाल्या, "आणि अंदाज ठोकला नाहीस ते बरं केलंस." त्याच संध्याकाळी मेल आला, ये म्हणून.

पहिला आठवडा मी पाण्याची वजनं केली. ताईने मायक्रोपिपेट हातात दिलं, नाजूक काटा समोर ठेवला आणि म्हणाली, शंभर मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाक, प्रत्येक वजन लिही. शंभर मायक्रोलिटर पाणी म्हणजे शंभर मिलिग्रॅमच्या केसभर खाली. माझे आकडे ९१ पासून १०८ पर्यंत. मला वाटलं काटा बिघडलाय. ताईने स्वतः दहा वेळा टाकलं, सगळे आकडे ९९ च्या आसपास. मग तिने माझ्या अंगठ्याकडे बघत बसायला सुरुवात केली. मी दांडा पहिल्या थांब्याच्या पुढे दाबून मग पाणी खेचत होते, म्हणून जास्त येत होतं. कधी अंगठा झटकन सोडत होते, की टिपमध्ये बुडबुडा, म्हणून कमी. तीन वर्षं प्रॅक्टिकल केलेली मुलगी मी, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. येणार कसं? प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं. ते आलं नाही तर शेजारच्या टेबलावरून येतं.

त्या आठवड्यासाठी अख्खा एक स्टार.

मग पेशी. दहा टक्के सीरम, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि फिनॉल रेड घातलेलं माध्यम, जे आम्लता वाढली की लालवरून पिवळ्यावर जातं. पेशी वाढवणं हे पाळीव जनावर सांभाळण्यासारखं आहे, फक्त ते ओरडत नाही. रविवारीही जावं लागतं. दुसऱ्या महिन्यात आमच्या पेशी मंदावल्या. माध्यम स्वच्छ, गढूळपणा नाही, मायक्रोस्कोपखाली काही दिसेना. पीसीआर केला तर मायकोप्लाझ्मा. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे आपण भोळेपणाने घालतो ते पेनिसिलीन त्याचं काही करत नाही, आणि तो इतका बारका की ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटतो. सगळ्या प्लेट ब्लीचमध्ये. तीन आठवडे गेले. द्रव नायट्रोजनमधून जुनी कुपी काढून परत पहिल्यापासून. मॅडमनी याच निमित्ताने त्या पेशींचं डीएनए प्रोफाइलही करून घेतलं. हेन्रिएटा लॅक्सच्या १९५१ मध्ये घेतलेल्या हेला पेशी इतर कितीतरी लॅबमधल्या पेशींना मागे सारून त्यांच्या जागी कशा वाढत बसल्या आणि १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलरने ते भर परिषदेत कसं मांडलं, हे मी तेव्हा वाचलं. लोक वर्षानुवर्षं एका अवयवाच्या पेशी समजून भलत्याच पेशींवर शोधनिबंध लिहीत होते. आमच्या पेशी निदान लेबलवर लिहिल्या होत्या त्याच निघाल्या.

आता मुख्य भाग. माझा प्रश्न असा: अमुक एक रेणू (नाव नाही सांगत, काम अजून छापून यायचंय) पेशीत ऑटोफॅजी वाढवतो का? हे बघायचं एलसी३ नावाच्या प्रथिनावरून. ऑटोफॅजी सुरू झाली की एलसी३-१ ला लिपिड जोडलं जातं आणि त्याचं एलसी३-२ होतं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेनवर उतरवायची आणि हवं ते अँटीबॉडीने ओळखायचं) दोन बँड, म्हणजे पट्टे, दिसतात, एकाखाली एक, खालचा एलसी३-२. खालचा बँड जाड झाला की आपण खूश.

मला आधी सहा आठवडे कुठलाच बँड दिसला नाही. अॅक्टिन (सगळ्या पेशींत असणारं, तुलनेसाठीचं प्रथिन) झकास, एलसी३ शून्य. अँटीबॉडी बदलली, पातळ केली, दाट केली, रात्रभर चार अंशांवर फिरवत ठेवली. सहाव्या आठवड्यात नोटबुक घेऊन मॅडमसमोर बसले. त्यांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: मेम्ब्रेन, ०.४५ मायक्रॉन. "एलसी३ केवढं आहे?" पंधरा-सोळा किलोडाल्टन, म्हणजे प्रथिनांत लहानच. "मग ते थांबेल का तिथे?" प्रथिन जेलमधून निघून मेम्ब्रेनमधून आरपार जात होतं. लहान प्रथिनांना ०.२ मायक्रॉनचं मेम्ब्रेन लागतं, शिवाय ट्रान्सफरचा वेळही आवरता घ्यावा लागतो. ती ओळ मी सहा आठवडे रोज स्वतःच्या हाताने लिहीत होते. ताईच्या ड्रॉवरमध्ये ०.२ चा अख्खा रोल पडलेला होता.

पुढच्याच ब्लॉटवर बँड आले. आणि रेणू दिलेल्या लेनमध्ये (त्या नमुन्याच्या उभ्या पट्टीत) खालचा बँड इतका जाड की मी डार्करूममध्येच फोटो काढून घरी पाठवला. घरच्यांना काय कळणार, त्यांनी टाळ्यांचं चित्र पाठवलं. मॅडमना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खिडकीसमोर रांग वाढली. गिऱ्हाईक वाढलं की खिडकी बंद पडली?"

मला कळेना. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मी जाऊन वाचलं. एलसी३-२ चा काही भाग शेवटी लायसोसोममध्ये (पेशीच्या मोडतोडीच्या पिशवीत) जाऊन स्वतःही मोडला जातो. म्हणजे तो साठलेला दिसला तर दोन कारणं असू शकतात: ऑटोफॅजी जास्त सुरू झाली, किंवा शेवटचं मोडणं थांबलं. दोन्हींचा बँड सारखाच जाड. फरक करायचा तर बॅफिलोमायसिन घालून लायसोसोम मुद्दाम बंद पाडायचा आणि बघायचं: नुसतं बॅफिलोमायसिन, आणि बॅफिलोमायसिन अधिक रेणू. रेणू खरंच ऑटोफॅजी वाढवत असेल तर दुसऱ्या लेनमध्ये आणखी भर पडायला हवी.

भर पडली नाही. तीन वेळा केलं, नाही पडली. आणि पी६२ नावाचं दुसरं प्रथिन, जे ऑटोफॅजी सुरळीत चालली तर कमी व्हायला हवं, ते वाढलं होतं. ते पहिल्याच ब्लॉटवर वाढलेलं होतं. मी ते पाहिलंही होतं, आणि नोटबुकात लिहिलं होतं: 'पी६२ विचित्र, बहुधा अँटीबॉडी.' माझा रेणू ऑटोफॅजी वाढवत नव्हता, नाली तुंबवत होता. प्रपोजलमध्ये लिहिलेल्याच्या बरोबर उलटं.

त्या दिवशी मला वाटलं वर्ष बुडालं. मॅडमनी मात्र पहिल्यांदाच माझ्यासाठी खुर्ची ओढली.

हा सगळा किस्सा लांबवला कारण मी देखरेख म्हणते ती एवढीच आहे. त्यांनी मला उत्तर कधी दिलं नाही, पण नोटबुक वरचेवर मागून बघितलं. त्या दहा मिनिटांच्या भेटीवाल्या सरांकडे गेले असते तर तो जाड बँड तसाच थीसिसमध्ये गेला असता, आणि मला तो आजही खरा वाटत असता.

आता कापलेला स्टार. तो मॅडमचा नाही, व्यवस्थेचा आहे, आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. वर्षाच्या मध्यावर मॅडम पाच आठवडे रजेवर गेल्या. नियमाप्रमाणे मला बदली गाईड मिळाले. नियमाप्रमाणे त्यांनी महिन्याच्या प्रगती-फॉर्मवर सही केली. फॉर्मवर चार चौकोन होते: विद्यार्थी भेटला का, काम वेळेवर आहे का, सुरक्षेची अडचण आहे का, इतर. त्यांनी तीन खुणा केल्या आणि 'इतर' रिकामा सोडला. मी त्यांना एकदाही भेटलेले नव्हते. कार्यालयाच्या हिशेबी मात्र माझी देखरेख शंभर टक्के झाली. त्याच काळात पी६२ ची अँटीबॉडी संपली आणि नवी मागवलेली खरेदी समितीच्या सहीसाठी नऊ आठवडे अडकली. ताईने शेजारच्या लॅबमधून वीस मायक्रोलिटर मागून आणले, बर्फाच्या डब्यात, एखाद्या नवजात बाळासारखे सांभाळत. थीसिसची तारीख अर्थात एक दिवसही हलली नाही. हे वेळापत्रक ज्याने केलं त्याने सगळे प्रयोग पहिल्या फटक्यात जमतात असं धरलंय. तो कधीतरी लॅबमध्ये उभा राहिला होता का, अशी मला दाट शंका आहे.

आकडेमोडीबद्दलही सांगते, कारण यात निम्मी मंडळी अडकतात. माझ्याकडे दर दिवशी केलेल्या एकाच प्रयोगाच्या तीन विहिरी (प्लेटमधले खळगे) होत्या आणि मी ठोकून 'एन बरोबर ३' लिहिलं होतं. ताई म्हणाली, एकाच भांड्यातला भात तीनदा चाखला म्हणजे तीनदा स्वयंपाक केला असं होत नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (वेगळ्या वेळी नव्या भांड्यात हलवलेल्या) पेशींवर केलेलं ते तीन. त्या हिशेबाने माझे बारा आकडे चारवर आले आणि फरक योगायोगाचा नाही असं सांगणारे दोन सुंदर तारे आलेखावरून गळून पडले. शिवाय मी एरर बार स्टँडर्ड एररचे लावले होते, कारण ते लहान दिसतात. मॅडमनी शेजारी फक्त प्रश्नचिन्ह काढलं. मी मुकाट्याने आकड्यांचा खरा पसारा दाखवणारं स्टँडर्ड डेव्हिएशन लावलं.

जाता जाता: जीन्सची यादी एक्सेलमध्ये उघडणार असाल तर आधी तो कॉलम टेक्स्ट करून घ्या. 'मार्च१' आणि 'सेप्ट२' अशी जीन्सची नावं एक्सेल गुपचूप तारखा करून टाकायचं. हा घोळ इतका पसरला की २०२० मध्ये जीन्सना नावं देणाऱ्या समितीने शेवटी जीन्सचीच नावं बदलली. जुन्या फाइल्समध्ये मात्र तो घोळ अजून बसलेला असतो. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने १ मार्च या जीनचं कार्य शोधण्यात अर्धी दुपार घालवली.

थीसिस लिहिणं तुलनेने सोपं गेलं, फक्त मटेरियल्स अँड मेथड्स प्रयोग चालू असतानाच लिहा. मी तसं केलं नाही आणि पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये काय होतं ते शोधायला फ्रीजमधल्या बाटलीवरचं पुसट लेबल मोबाइलच्या टॉर्चने वाचावं लागलं. मॅडमच्या लाल पेनाखाली 'सिद्ध झाले' हा शब्द सात ठिकाणी मेला. सात ठिकाणी 'सूचित होते' जन्माला आलं.

व्हायवाला दोन परीक्षक. एकांनी सगळा वेळ फॉन्ट आणि संदर्भांच्या स्वल्पविरामांवर घालवला. दुसऱ्या बाईंनी एकच खोल प्रश्न विचारला: उपासमार खरंच झाली हे दाखवायला तुम्ही फॉस्फो-एस६ कायनेज (फॉस्फेट लागलेलं एक प्रथिन, उपासमारीत कमी होणारं) पाहिलंत, मग मेम्ब्रेन ब्लॉक करायला, म्हणजे अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून, दूध का नाही वापरलं, बाकी सगळीकडे तर दूध आहे? मी म्हटलं, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, फॉस्फो-अँटीबॉडीला पार्श्वभूमी वाढू शकते, म्हणून बीएसए, म्हणजे गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन. त्यांनी विचारलं, हे कुठे वाचलंत? मी खरं ते सांगितलं: वाचलं नव्हतं, पहिला ब्लॉट दुधात केला आणि तो अख्खा काळा आला. त्या मोठ्याने हसल्या. गुण दोघांचे मिळून ठीकठाक आले, दोघांमधलं अंतर मात्र लाजिरवाणं होतं. आणि ते का, हे विचारायची सोय नाही. कापलेल्या स्टारचा थोडा भाग याचाही.

कुणी घ्यावं हे वर्ष? ज्याला पीएचडी करायचीय त्याने डोळे झाकून. ज्याला करायची नाही असं नक्की वाटतं त्यानेही, कारण हे वर्षभरात कळणं सहा वर्षांनी कळण्यापेक्षा स्वस्त. पण फक्त मार्कशीटवर 'ऑनर्स' हवं असेल तर दुसरीकडे बघा, इथे दर रविवारी पेशी तुमची वाट बघत बसतात. आणि गाईडच्या केबिनमध्ये जाण्याआधी त्या लॅबच्या बाकावर बसलेल्या माणसाला गाठा. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचं नोटबुक बघायला मागा. त्यात दुसऱ्या कुणाचं अक्षर दिसलं तर ती लॅब चांगली.

माझ्या नोटबुकात मॅडमचं अक्षर ४१ ठिकाणी आहे, मी मोजलंय. ते आता लॅबमध्येच असतं, या वर्षीच्या मुलीच्या बाकावर. परवा तिचा फोन आला. "ताई, पान ६३ वर लाल पेनने 'लेन ४ बघ' लिहिलंय. लेन ४ म्हणजे नुसतं बॅफिलोमायसिन ना? त्यात काय बघायचं?" मी सांगणारच होते. मग विचारलं, मॅडमना विचारलंस का?

"विचारलं ना. त्या म्हणाल्या, रांग कुठे आहे ते बघ. म्हणजे काय हो?"